घरचा आवाज

बायको त्रिशला गेली ते भूपाल मगदूमांनी सोसलं. ती का गेली हे महिन्याने मिरजेच्या मेंदू-प्रयोगशाळेत कळलं, तेव्हा मात्र त्यांना संताप आवरेना.

डॉ. रेणुका टिकेकर समजावून सांगत होत्या. माणूस मनात बोलतो तेव्हा मेंदू त्या बोलण्यावर आधीच खूण करतो, की हे माझंच. स्किझोफ्रेनियात ती खूण नीट पडत नाही, असा एक सिद्धांत. मग स्वतःचाच विचार परक्याचा आवाज होऊन ऐकू येतो. त्रिशलाच्या कानामागे इथेच बसवलेली 'स्वखूण' चकती तेवढी खूण करून द्यायची.

वर्षानुवर्षं छळणारे आवाज खरंच थांबले. भूपालनी गल्लीत पेढे वाटले. मग त्रिशला त्यांना उत्तरच देईनाशी झाली. चहा टाक म्हटलं की उठायची आणि म्हणायची, "मला आत्ताच वाटलं, चहा टाकावा." रुसली असेल, असं म्हणून ते हसायचे.

"आतला आवाज कुठला, ते चकतीला कसं कळतं?" त्यांनी विचारलं.

"मेंदूला जे आधीच ठाऊक असतं ते आतलं. परक्याचं बोलणं आधी ठाऊक नसतं."

"आणि नवऱ्याचं?"

टिकेकरांनी त्रिशला गेली त्या दिवशीची चकतीची नोंद पडद्यावर उघडली.

भूपाल एसटीचे नियंत्रक होते. त्यांच्या हाळीने स्टँडवरच्या गाड्या थांबायच्या. त्या दिवशी स्टँडसमोरच्या रस्त्यावर पेरूवाली "मावशी, मागं सरा" म्हणाली, तशी त्रिशला सायकलीच्या वाटेतून मागे सरली. लगेच विनाचालक बस वळली, आवाज न करता. भूपाल पलीकडून ओरडले, थांब. ती थबकली, स्वतःशीच हसली आणि पुढे निघाली, थेट बसच्या वाटेत. उगाच भीती वाटली तर लक्ष द्यायचं नाही, हे तिला याच प्रयोगशाळेत शिकवलं होतं.

"चकती बिघडली नव्हती, काका. तुम्ही प्रत्येक रस्त्याला 'थांब' म्हणायचात ना? तुम्ही बोलायच्या आधीच ते तिच्या डोक्यात तयार असायचं."

"म्हणजे पेरूवाली ओरडली असती, तर माझी बायको घरी आली असती."

"हो."

"चाचणी कुणाच्या आवाजावर केलीत?"

"आमच्या कर्मचाऱ्यांच्या."

"घरात माणसं कर्मचाऱ्यांबरोबर राहतात काय, बाई?"

भिंतीवर नवी जाहिरात होती: भास होणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी स्वखूण. भूपालनी तिच्याकडे बोट केलं. या आजारात शेवटपर्यंत काय टिकतं, ते विचारलं. नावं जातात, चेहरे जातात, टिकेकर म्हणाल्या. बऱ्याच जणांत जवळच्या माणसाचा आवाज सगळ्यात उशिरा जातो.

"आणि तोच तुम्ही आधी काढून घेणार."

या नव्या वापराला नीतिसमितीची मंजुरी आली आहे, त्या म्हणाल्या. पुढच्या बैठकीत विषय मांडते.

भूपाल बैठकीची तारीख विचारून उठले. ती पुढच्या महिन्यात होती. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना चकत्या बसवायला सोमवारपासून सुरुवात आहे. घरच्या आवाजावरची चाचणी अजून झालेली नाही.