चौथाईचा खडक

मोसमाचा पहिलाच फेरा आणि टोपल्या सुरमईने शिगोशीग भरलेल्या. बोटीचा तांडेल अजिंक्य भलताच खुशीत होता. तेवढ्यात वायरलेसवर बातमी आली, धाकट्या भावाची, दीपकची होडी उलटली. अजिंक्यने तशीच बोट वळवली. आरे-वारेसमोरचं पाणी त्याने पिंजून काढलं आणि दुपारी उलट्या होडीला चिकटलेली चार माणसं सापडली. त्यात दीपक होता! अजिंक्य नाचला, रडला, भोंगा वाजवत सुटला.

"दादा, चाय हाय काय रे?" दीपक कुडकुडत हसला.

खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. एके काळी इथलं आरमार येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांकडून चौथाई घ्यायचं. ती दिली, की आरमाराच्या होड्या सोबत करायच्या, चाचे वाटेला जात नसत. आरमार गेलं, होड्यांना इंजिनं लागली, तरी मोसमाच्या पहिल्या मासळीचा चौथा हिस्सा अजून या खडकावर टाकतात. तांडेलाने म्हणायचे शब्दही ठरलेले: 'जाळ्यात आलं त्याची चौथाई तुझी.'

परतताना बोट खडकापाशी आली, तशी म्हाताऱ्या खलाशाने, गंगारामने, चौथा हिस्सा सुरमई खडकावर टाकली. अजिंक्यला तर आज अख्ख्या दर्याला मिठी मारावीशी वाटत होती. हात जोडून तो ओरडला, "आज दर्यान जा काय दिलान, त्याची चौथाई तुजी!"

गंगारामचा चेहरा उतरला. "जाल्यातला म्हनायचा व्हता रे, तांडेला."

"येकच ता! आज हात आखडता घ्यायचा नाय!"

खडकावरची सुरमई नाहीशी झाली होती. लाट आली नव्हती, एक घारही खाली उतरली नव्हती. मग इंजिन बंद पडलं, तरी बोट सरळ धक्क्याकडे चालत राहिली. दोन्ही अंगांनी वल्ह्यांचा आवाज येत होता. पाणी मोकळंच होतं.

अजिंक्यला गंमत वाटली. सोबतच आहे म्हणायची!

एकदम बोट हलकी झाली.

धक्क्यावर ही गर्दी, फटाके, शिट्ट्या. वाचलेले एकेक करून उतरले.

तिघे.

"चौथा कुठाय?" अजिंक्यने विचारलं.

गंगाराम जाळं आवरत होता. "चौथा कोन? तिगंच तर गावले."

गर्दीतून वाट काढत अजिंक्यची आई, ठमाबाई, धावत आली. तिने त्याच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

"आलास रे! माजा येकुलता येक पोरगा!"

"आये, आपला..."

अजिंक्य थांबला. भावाचं नाव काही केल्या त्याला आठवेना.