आत एक

केरळात अरूरच्या कोळंबीच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. प्रोग्रामर वगैरे मी नव्हे. पण कोड न लिहिता, चौकोनाला चौकोन जोडून ॲप करता येतं हे कळलं आणि मला चेव आला. पहिल्या वर्षात सतरा ॲप केली. रजेचं केलं, क्लोरीनच्या पाण्याचं केलं, गमबूट बदलायचंसुद्धा केलं. प्रत्येकात एक बटण. ते दाबलं की मागचा फ्लो चालू होतो आणि एकामागून एक कामं आपोआप होत जातात. मला त्याचं वेडच लागलं होतं, खोटं कशाला बोलू!

अठरावं ॲप तीन नंबरच्या फ्रीझरचं. तिथे उणे चाळीस असतं. ट्रॉल्या आत लोटायच्या, माणसं बाहेर काढायची, दार लावायचं, पंखे सोडायचे. मग सहा तास दार उघडायचं नाही. आत कोणी राहिलं नाही ना, हे बघायचं काम तंकच्चन चेट्टन यांचं; चेट्टन म्हणजे दादा. एकोणसाठ वर्षांचे, कानटोपी घातलेले, सदा खोकणारे. दाराशेजारच्या पाटीवर ते खडूने आतल्या माणसांचा आकडा लिहायचे. मी ती पाटी काढली आणि त्यांच्या हातात फोन दिला.

"तुम्ही यात मंजुरी दिलीत की माझ्या स्क्रीनवरचं बटण हिरवं होणार," मी समजावलं. "मी ते दाबलं की दाराला कुलूप पडणार, पंखे सुरू होणार. आणि इथे खाली शेरा लिहायचा."

"शेरा कशाला आणि?"

"लिहा हो काहीतरी. ऑडिटवाल्यांना बरं वाटतं."

ते हसले. काम मात्र त्यांनी पूर्वीसारखंच ठेवलं. थंडीत फोन बंद पडतो म्हणून तो दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायचा, आत जाऊन दार ओढून घ्यायचं, चारही रांगा फिरायच्या, प्रत्येक ट्रॉलीमागे वाकून बघायचं, हाका मारायच्या. मग बाहेर येऊन एका बोटाने लिहायचं, 'आत कोणी नाही. दाब, मोळे.' मोळे म्हणजे पोरी. रोज तेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

या सगळ्याला अकरा मिनिटं लागायची.

"अकरा मिनिटं!" आमचे मॅनेजर बाबुराज सर वैतागले. "कोळंबीला काय अंगाई म्हणतात का ते? ती मंजुरीची अट काढून टाक, जिषा. बटण कायम हिरवं ठेव. त्यांना सांगतो मी."

जेवण झाल्यावर मी अट काढली. दोन मिनिटांचं काम. बटण हिरवं झालं. चालतंय का बघावं म्हणून मी ते दाबलं. दुपारचे दोन पस्तीस झाले होते. कंट्रोल रूमला निरोप गेला, पंखे सुरू झाल्याची खूण आली. मी खूश होऊन केळ्याची भजी खायला कॅन्टीनमध्ये गेले.

बाबुराज सर सांगायला विसरले होते.

दार आठ पस्तीसला उघडलं. तंकच्चन चेट्टन दाराकडे तोंड करून बसले होते. आतून उघडायचा दांडा बर्फाने जाम झाला होता. तो ओढून ओढून त्यांचे दोन्ही तळवे सोलले होते.

चौकशी झाली. ते विनापरवाना आत गेले, असं ठरलं. बटण कोणी दाबलं हे कुणी विचारलंच नाही. "तू तोंड उघडू नकोस, नोंदीचं मी बघतो," असं बाबुराज सर म्हणाले, आणि मी नाही उघडलं. दफनाला मी सगळ्यात मागे उभी होते. मला रडूही येईना. त्यांच्या बायकोने माझा हात धरून म्हटलं, "तुझं फार नाव काढायचे गं." त्या क्षणी जमीन फाटून मला पोटात घेती तर बरं झालं असतं.

कंपनीने दांडा नवा बसवला. मी मंजुरीची अट परत घातली आणि मंजुरी देणाऱ्याच्या जागी माझं नाव टाकलं. त्यांचं खातं मी माझ्या हाताने बंद केलं. फोन त्यांच्या घरी गेला होता.

नवव्या दिवशी चारही रांगा मी स्वतः फिरले, बाहेर आले, मंजुरी दिली. बटण राखाडीच राहिलं. नोंद उघडली तर त्यात लिहिलं होतं:

तंकच्चन. नामंजूर. शेरा: आत एक.

आम्ही सगळ्या ट्रॉल्या बाहेर काढल्या. आत कोणी नव्हतं. शेवटी पंखे हाताने सुरू करावे लागले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. ॲप पुसून मी नव्याने बांधलं. त्यांचं नाव कुठल्याही चौकोनात नव्हतं, एकेक उघडून बघितला. दोन पस्तीसला नोंद आली. आत एक.

माणूस कशालाही सरावतो. महिन्याभरात तो शेरा बघायचा आणि पंखे हाताने सुरू करायचे, असा रिवाजच पडला. बाबुराज सर मात्र तेव्हापासून तीन नंबरच्या बाजूने जायचे नाहीत.

मग तो मंगळवार आला. माझ्या अंगात ताप होता, म्हणून रांगा दुसऱ्या कुणीतरी बघितल्या. हजेरीच्या यादीत सगळे बाहेर होते. मी नोंद उघडली.

आत दोन.

मी पळत सुटले. बाबुराज सर कंट्रोल रूमच्या दारात होते. पंख्याच्या खटक्यावर कामगाराचा हात होता.

"थांबवा! आत कोणीतरी आहे!"

"रोज एक, आज दोन, उद्या दहा म्हणेल ते!" सर ओरडले. "नऊ टन माल आहे, जिषा!"

"त्या दिवशीही मालच होता ना, सर?"

सरांनी कामगाराचा हात खटक्यावरून बाजूला केला आणि दार उघडायला सांगितलं.

चौथ्या रांगेच्या टोकाला जोनाली सापडली. आसामहून आलेली पोरगी, महिनाही झाला नव्हता. पाय घसरून ट्रॉलीमागे पडली होती, शुद्ध नव्हती. तिला बाहेर आणलं, घोंगड्यांत गुंडाळलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि चहा मागितला.

मी पुन्हा चारही रांगा बघितल्या. दार लावलं. माझा फोन हातात घेतला.

तंकच्चन. मंजूर.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बटण हिरवं झालं होतं. खाली शेरा होता.

आत एक. दाब, मोळे.

बाबुराज सरांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

मी दाबलं.

तंकच्चन चेट्टन गेले त्या दिवशी बटण मीच दाबलं होतं, असं चौकशीवाल्यांना मी सही करून कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर बटण माझ्याकडेच आहे, आणि रोज दोन पस्तीसला मंजुरी येते.

कुलूप पडणं आणि पंखे सुरू होणं, यांच्यामध्ये सहा सेकंद जातात. ते मीच ठेवले होते. त्या सहा सेकंदांत आतून दांडा ओढल्याचा आवाज येतो. फार जोरात नाही. एकदाच.