उष्टावणीचं मडकं

पहाटेचा गारवा अजून तटावरून उतरला नव्हता. नगारखान्यावर पहिली टिपरी पडत होती आणि हरणगडाच्या दक्षिण उतारावरची तुतीची राई धुक्यातून हळूहळू वर येत होती, तेव्हा रेशीमखान्याच्या उंबऱ्याशी नागूबाई पटवेकरीण निंबाच्या पाण्यात हात धूत उभी होती. गडाखाली, नदीपलीकडे, हंबीरराव काटकरांच्या छावणीत शेकोट्या पेटल्या होत्या. काटकरांना तोफा डागायच्या नव्हत्या, सुरुंग लावायचे नव्हते. त्यांना फक्त दसऱ्याची वाट पाहायची होती.

त्याचं कारण असं. हरणगडची जहागीर ज्या करारावर चालत आली, तो करार मोठा चमत्कारिक होता. दर दसऱ्याला गडावरच पोसलेल्या किड्यांच्या रेशमाचं एक निशाण बादशाही दरबारात रुजू व्हावं. ज्या साली ते रुजू होणार नाही, त्या साली जहागीर खालसा होऊन शेजारच्या काटकरांकडे जावी. तीन पिढ्यांत निशाण कधी चुकलं नव्हतं. आता गादीवर विधवा राधाऊसाहेब होत्या, आणि त्यांची सारी भिस्त तलवारीवर कमी आणि नागूबाईच्या हातावर जास्त होती.

रेशीमखान्याचा शिरस्ता कडक. पाय चुन्यात बुडवल्याशिवाय, हात निंबाच्या पाण्यात धुतल्याशिवाय आत पाऊल नाही. मग तो किल्लेदार का असेना. दुसऱ्याच्या रेशीमखान्यात जाऊन आलेल्याला तर दारही दिसू नये. आणि या साऱ्याहून जुनी चाल म्हणजे उष्टावण. अंड्यांतून निघालेल्या केसाएवढ्या किड्यांना पहिला पाला घालायचा तो कोरा नाही. आदल्या साली जे किडे धडधाकट वाढले, ज्यांनी घट्ट कोष बांधले, त्यांच्या वाळवून ठेवलेल्या लेंड्या पाण्यात भिजवायच्या आणि ते पाणी पाल्यावर शिंपडायचं. नागूबाईची सासू म्हणे, "किडा एकट्यानं जगत नाही गं. त्याच्या पोटात एक गोकुळ नांदतं. ते आधीच्यानं नंतरच्याला द्यावं लागतं." आजचे शिकलेले लोक त्या गोकुळाला सूक्ष्मजीव म्हणतील. तिला नाव ठाऊक नव्हतं, पण उष्टावण चुकलेला किडा खुरटतो आणि नासक्या लेंड्यांचं पाणी प्यालेला किडा मरतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

ती सासू धाकट्या मुलाच्या, सुभानजीच्या, बाळंतपणात गेली. नवी नवरी नागूबाई मग दिराचीच आई झाली. मामानं द्यायचा पहिला घास, तोही मामा नसल्यामुळे तिनंच भरवला. पुढे नवरा लढाईत पडला, पोटी मूल नाही. उरला तो सुभाना. आता तो मिशीला पीळ देणारा तिशीचा गडी होता. तुतीचा पाला तोच आणी, आणि लेंड्यांचं मडकं माळ्यावर कुठं टांगलं आहे हे गडावर दोघांनाच ठाऊक होतं. तिला, आणि त्याला.

त्या सकाळी नागूबाई आत शिरली आणि दारातच थबकली. आंबूस, कुजका वास होता. परडीमागून परडी तिनं पाहिली. दोनदा कात टाकलेले, काल-परवापर्यंत सरसर पाला खाणारे किडे मऊ पडले होते, काळवंडले होते, बोट लावताच फुटत होते.

कोपऱ्यातल्या चार परड्या मात्र हिरव्यागार पाल्यावर जिवंत होत्या. हे किडे उशिरा निघालेले; भिजवलेलं पाणी संपल्यामुळे त्यांना कोराच पाला पडला होता, उष्टावण अजून व्हायची होती. पाला तोच, हवा तीच, हात तेच. मग वेगळं काय? वेगळं होतं ते फक्त उष्टावणीचं पाणी. आणि ते तिनं स्वतःच्या हातांनी शिंपडलं होतं.

तिनं आधी मडक्याला दोष दिला, मग पावसाळी हवेला, मग देवीला. ज्याला द्यायचा त्याला देववेना. पण मन खातच राहिलं, आणि ऊन चढायच्या आत ती राधाऊसाहेबांपुढे मुजरा करून उभी होती.

"सरकार, रेशीमखाना नासला. दोष माझ्या घरातला आहे, असं वाटतं."

राधाऊसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. आवाज मात्र हलला नाही. "निशाणापुरतं काही उरलं आहे?"

"चार परड्या. एकूण एक किडा जगला तर एका निशाणाचं सूत निघेल. एकही गमावून चालायचं नाही."

"नाव सांगा. आत्ता बेड्या घालते."

"नाव तोंडातून निघत नाही, सरकार. मला एकदा डोळ्यांनी पाहू द्या. खोटं ठरलं तर माझी जीभ छाटा, मी आनंदानं पुढे करीन."

राधाऊसाहेब म्हणाल्या, "शिपाई तुतीच्या राईत दडून राहतील. हाक मारा."

नागूबाईनं दोन सालांमागच्या लेंड्यांचं एक मडकं घरी धान्याच्या कणगीत जपलेलं होतं. त्यातल्या दोन मुठी तिनं पदरात बांधल्या. उरलेलं मडकं माळ्यावर टांगलं आणि पाल्याची पाटी घेऊन आलेल्या सुभानजीला ऐकवलं, "देव पावला बघ सुभाना! जुनं मडकं सापडलं. चार परड्या हाती लागतील. उद्या उष्टावण करते."

"बरं झालं, वहिनी," तो म्हणाला. पण पाटी खाली ठेवताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

दुपारी सारा गड जेवून कलंडला, तेव्हा नागूबाई पाल्याच्या ढिगामागे बसून होती. येऊ नकोस रे, येऊ नकोस, असं मनात घोकत होती. तो आला. माळ्यावर चढला, मडकं उतरवलं, आतलं सारं खिडकीतून झटकून टाकलं आणि कमरेच्या शेल्यातून पुरचुंडी काढली. पुरचुंडी सुटताच तोच आंबूस वास तिच्या नाकात शिरला.

"कुणाच्या रेशीमखान्यातलं आणलंस, सुभाना?"

तो दचकला, पण सावरला. "काटकरांच्या. त्यांचे किडे परवाच्या साली असेच गेले होते. वहिनी, मला वाट द्या."

"का केलंस?"

"का? माझा बाप घोड्यावर बसून मेला, भाऊ घोड्यावर बसून मेला, आणि मी जन्मभर अळ्यांना पाला वाहतो! गडी हसतात मला. काटकर पागा देतात, पन्नास घोडी देतात."

"मला सांगायचंस. मी सरकारांचे पाय धरले असते."

"तुम्ही?" तो कडवट हसला. "तुम्हाला या किड्यांखेरीज कधी कोण दिसलं?"

हा घाव तिच्या वर्मी बसला, कारण त्यात अगदीच खोटं नव्हतं. तेवढ्यात तो मागच्या दाराकडे नव्हे, आतल्या दाराकडे वळला. तिथं चार परड्या होत्या. त्याच्या मुठीत ती पुरचुंडी होती, आणि एक मूठ उधळली की तीन पिढ्यांची जहागीर मातीत जाणार होती. नागूबाई धावली आणि दोन्ही हातांनी चौकट धरून उभी राहिली.

"हटा, वहिनी." त्यानं कट्यार उपसली.

"चालव. मला ओलांडूनच आत जाशील."

त्यानं चालवली. खांद्यातून रक्ताची धार लागली, पण चौकटीवरची बोटं सुटली नाहीत. आणि त्या बाईनं अशी हाक फोडली की राईतले शिपाई पायऱ्या न मोजता वर आले.

सदरेवर निवाडा झाला. सुभानजीनं सारं कबूल केलं. कडेलोटाचा हुकूम तोंडावर आणण्याआधी राधाऊसाहेबांनी विचारलं, "नागूबाई, जहागीर तुमच्या रक्तानं राहिली. मागाल तर याचा जीव देते."

सुभानजीनं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "सरकार, नासलेला किडा आपल्या हातानं वाढवला म्हणून आम्ही तो परडीत ठेवत नाही."

त्या साली दसऱ्याला हरणगडचं निशाण दरबारात वेळेवर रुजू झालं. काटकरांनी छावणी मोडली. राधाऊसाहेबांनी नागूबाईला सोन्याचं कडं दिलं. ते तिनं कधी हातात घातलं नाही. पण हे सगळं पुढचं.

कडेलोटाच्या सकाळी शिरस्त्याप्रमाणे सुभानजीला विचारलं, शेवटचं काय खाशील? तो म्हणाला, वहिनींच्या हातचा दहीभात. ती आली. खांदा बांधलेला होता, म्हणून डाव्या हातानंच तिनं भात कालवला. त्याचे हात साखळीत होते. त्यानं लहान मुलासारखा आ केला, आणि तिनं घासामागून घास भरवला. भात संपल्यावर तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

नगारा वाजला तेव्हा ती उतारावरून रेशीमखान्याकडे निघाली होती. मागे वळून तिनं पाहिलं नाही. उंबऱ्याशी ती थांबली. काटकरांच्या रेशीमखान्यात जाऊन आलेल्या माणसाला ती शिवली होती. तिनं तो पदर फाडून चुलीत टाकला, त्याला भरवलेला हात आधी चुन्यात आणि मग निंबाच्या पाण्यात पुन्हापुन्हा धुतला, आणि किड्यांना पाला घालायला आत गेली.