चार महिन्यांपुरती गाडी

आमच्या चष्मेवाल्या मामाने मामीला गाडीत घालून मारलं, असं त्यांच्या गल्लीत अजूनही बोललं जातं.

साफ खोटं आहे ते.

खरं काय घडलं ते मामाने मला स्वतः सांगितलं, उजव्या हाताला बँडेज असताना. मामीनेही सांगितलं, वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत. दोघांच्या सांगण्यात काडीचाही फरक नव्हता. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. त्या दिवशी बुधवार होता, पहाटेचे पावणेसहा वाजले होते, आणि मामाच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये ती करडी गाडी उभी होती.

पण सुरुवात झाली ती दहा दिवस आधी.

मामीच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहाची पाळी. एक पाळी चुकली तर पाय सुजतात. दोन चुकल्या तर छातीत पाणी भरतं. तिसरी चुकली तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मामाने विचारलं नाही.

मामीला खाली वाकून बसता येत नाही, म्हणून मामाने उंच सीटची नवी गाडी बुक केली होती. शोरूमवाला म्हणाला, चार महिने थांबावं लागेल. तोवर जुनी चालवू, असं मामाने ठरवलं, आणि त्याच आठवड्यात जुनीचं इंजिन भर चौकात बसलं. मामाचं नशीबच असं. तो छत्री घेऊन निघाला की ऊन पडतं.

मग दोघं वापरलेल्या गाड्यांच्या यार्डात गेले.

तिथे परवडण्याजोग्या दोनच होत्या. एक लाल, नीटनेटकी, जरा महाग. दुसरी करडी, उंच, आणि इतकी स्वस्त की मामाने किंमत दोनदा विचारली. मामा एरवी दिलदार माणूस, पण गाडीच्या बाबतीत अगदी कवडीचुंबक.

"मला लाल बरी वाटते," मामी म्हणाली.

"अगं, हिच्याशी काय संसार करायचाय? चार महिने काढायचे आणि द्यायची परत."

मामाचं चष्म्यांचं दुकान, त्यामुळे नजर बारीक. त्याला एक गोष्ट लगेच दिसली. सगळ्या गाडीचा रंग उडालेला, पण मागचा बंपर आणि डिकीचं दार मात्र कोरं करकरीत होतं.

"मागून ठोकली होती का हो?"

"किरकोळ हो साहेब," दलाल म्हणाला. "पार्किंगमध्ये घासली."

तो खोटं बोलला नव्हता. पार्किंगमध्येच झालं होतं ते.

मामाच्या इमारतीत गाडी लावायची म्हणजे कसरत. दोन खांबांच्या मधून उलटी घ्यायची, मागे दगडी भिंत. लग्नापासून मामी मागे उभी राहून सांगते... "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बस." मामा गमतीने म्हणतो, जगात हिचं एवढं एकच वाक्य मी मुकाट ऐकतो. आजारपणानंतर मात्र मामी गाडीतच बसून राहायची.

पहिल्या सोमवारी ते डायलिसिसहून परतले. भर दुपार. मामी शेजारच्या सीटवर मान टाकून पडलेली. मामाने रिव्हर्स टाकला.

आणि मागून आवाज आला...

"येऊ द्या... येऊ द्या..."

पुरुषाचा आवाज. तरुण. मामाला वाटलं, वॉचमन असेल. बरं झालं म्हणून तो निर्धास्त मागे येत राहिला.

"येऊ द्या... येऊ द्या..."

"अहो, भिंत आली," मामी डोळे न उघडता म्हणाली. एवढ्या वर्षांची सवय.

मामाने ब्रेक मारला, उतरून मागे गेला. बंपर आणि भिंतीच्या मध्ये वीतभर जागा होती. तिथे माणूस उभा राहणं शक्यच नव्हतं. वॉचमन पार फाटकापाशी, कानाला फोन लावून उभा होता.

बुधवारी तेच. शुक्रवारी तेच.

मामीलाही ऐकू यायचं. दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते. मामाने कान बंद करून आरशात बघून गाडी लावायला सुरुवात केली. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली.

तो आवाज फक्त बोलवत होता. थांबवत कधीच नव्हता.

त्यापुढच्या सोमवारी मामीचा रक्तदाब पडला होता. मामा सकाळपासून वैतागलेला. गाडी मागे घेतली तर आवाज आज अगदी जवळून, काचेला तोंड लावल्यागत...

"येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..."

मामाचं डोकं फिरलं. त्याने मान वळवली आणि तो ओरडला, "बस. बस आता."

आवाज थांबला.

मग... मागचं दार उघडलं नाही, बंदही झालं नाही, पण गाडी मागच्या बाजूला खाली गेली. स्प्रिंगा कुरकुरल्या. मागच्या सीटच्या गादीत, मामीच्या पाठीमागे, हळूहळू एक खड्डा पडला.

आणि तो भरला नाही.

मामाने मामीला अक्षरशः उचलून घरात नेलं. त्या दुपारी तो गाडी घेऊन थेट गॅरेजमध्ये गेला. मागे बघायचं नाही असं ठरवून, आरसा वर वळवून.

गॅरेजवाला म्हातारा होता. गाडी आत येताना बघून त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"ही परत रस्त्यावर आली?"

"ओळखता?"

"हिचा मागचा भाग मीच बदलला. धुतलाही मीच."

तो जे बोलला ते मामाने मला शब्द न शब्द सांगितलं. मी थोडक्यात सांगतो.

दोन भाऊ होते. थोरला गाडी चालवत होता, धाकटा मागे उभा राहून सांगत होता, येऊ द्या, येऊ द्या. थोरल्याची बायको बाजूला दार उघडून उभी. तिने नवऱ्याला विचारलं, बसू का? नेमकं त्याच क्षणी मागून धाकटा ओरडला, "बस."

वहिनी बसली.

थोरल्याला वाटलं, तो तिलाच म्हणतोय. त्याने गाडी येऊ दिली.

"धाकटा पुन्हा ओरडला, बस, बस," गॅरेजवाला म्हणाला. "हा आतून म्हणतोय, अरे बसली ती, बसली. गाडी कशाला तरी अडली. ह्याला वाटलं दगड आहे, म्हणून ह्याने जोर लावला. एकदा नाही, दोनदा. मागे भिंत होती. छातीचं काही शिल्लक राहिलं नाही हो त्याच्या. डिकीच्या पत्र्यात बरगड्यांचे ठसे होते, मी माझ्या हाताने ठोकून काढायला गेलो आणि मग म्हटलं नको, दारच बदलू."

मामाने विचारलं, "मी त्याला बस म्हणालो तर?"

म्हाताऱ्याने गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाला, "गाडी परत करा. आजच."

पण मामा पोचेपर्यंत यार्डाला कुलूप लागलं होतं, आणि मंगळवारी यार्ड बंद. बुधवारी पाळी. मामाने बुधवारसाठी टॅक्सी सांगून ठेवली. पहाटे साडेपाचला टॅक्सीवाल्याचा फोन आला, टायर पंक्चर आहे. दुसरी मिळेना. मामीचे पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि तिला धाप लागत होती.

"एवढी एकच फेरी," मामा म्हणाला.

"तुम्ही त्याच्याशी बोलू नका फक्त," मामी म्हणाली.

पावणेसहाला ते निघाले. मामाने मागे बघितलं नाही. गाडी मात्र मागून खालीच होती.

मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत काही झालं नाही.

मग आवाज आला... कट्.

मामीची सीट खालच्या रुळावर एक दात पुढे सरकली.

"अहो..."

कट्.

मामाने गाडी कडेला घेऊन ब्रेक मारला, इंजिन बंद केलं. सीट थांबली नाही. मामाने तेव्हा पाहिलं... सीटच्या पाठीला मागून दोन गुडघे रेटत होते. रेक्झिन ताणलं गेलं होतं. गुडघे स्पष्ट दिसत होते. मागे कोणी नव्हतं.

कट्.

मामीची छाती डॅशबोर्डला टेकली. पट्टा सुटेना. तिचा डावा हात मध्ये अडकला होता, फिस्टुलाचा. डायलिसिससाठी ज्या हाताची शीर जोडलेली असते, तो हात. त्यावर साधं घड्याळही बांधायचं नसतं.

मामाने सीटखाली हात घालून सरकवायचा दांडा धरला आणि जीव खाऊन ओढला. दांडा आला. सीट सरकली, पण पुढेच. रुळाने त्याची दोन बोटं धरली. मधलं आणि त्याच्या शेजारचं. हाड मोडल्याचा आवाज त्याला आधी आला आणि दुखणं नंतर.

आणि मग त्याच्यादेखत मामीची शीर फुटली.

रक्त काचेवर उडालं. छताला उडालं. मामाच्या चष्म्यावर इतकं आलं की त्याला दिसेनासं झालं.

"बस," मामी कण्हली. "बस... देवा, बस..."

कट्.

ती म्हणत होती, पुरे. मागचा ऐकत होता, खाली बस. आणि तो आणखी नीट बसत होता. गाडी आणखी खाली जात होती. मामीच्या बरगडीचा आवाज मामाने ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा.

"बस... ब..."

मामाने बोटं खेचून काढली. पेरं तिथेच राहिली. त्याने त्याच हाताने मामीचं तोंड दाबलं. गच्च दाबलं. तिचे डोळे पांढरे झाले, ती त्याला ओरबाडत होती, तिला श्वास हवा होता, आणि माझा मामा, ज्याने तिच्यावर कधी आवाजही चढवला नाही, तो तिचं तोंड दाबून धरत होता, कारण तिने तो शब्द आणखी एकदा उच्चारला असता तर ती मेली असती.

पहाटे फिरायला आलेल्या माणसांनी बाहेरून हेच पाहिलं. काचेवर रक्त, आणि बायकोचं तोंड दाबणारा नवरा.

दार उघडून दोघांनी मामाला बाहेर ओढलं. एकाने त्याच्या कानाखाली वाजवली. मामा जमिनीवर पडला आणि तिथूनच मागच्या सीटकडे बघून ओरडला...

"ऊठ. ऊठ तिथून. ऊठ."

गाडी मागून वर आली. सगळ्यांदेखत. आणि मामीची सीट सर्रकन मागे गेली.

मामाला मारणारा माणूस मागे न बघता चालू लागला. दुसऱ्याने आपला शर्ट काढून मामीच्या हाताला आवळला. तो माणूस कोण ते आम्हाला आजवर कळलं नाही, पण त्याच्यामुळेच मामी आहे.

तीन बरगड्या. हातावर शस्त्रक्रिया. मानेतून नळी टाकून डायलिसिस. मामाची दोन बोटं पेरापासून गेली, तरी भिंगं बसवतो तो अजून, हळूहळू. मामी वाचली.

गाडीचं काय करायचं याचा विचार करायला कोणाला वेळ नव्हता. पोलिसांनी चौकशी करून सोडली. मग मीच ती भंगारात दिली. माझ्यासमोर यंत्राने तिची चपटी पेटी केली. मला बरं वाटलं. घरी येऊन मामाला सांगितलं, संपलं एकदाचं.

मामाचा चेहरा उतरला.

"मी त्याला ऊठ म्हणालो," तो म्हणाला. "उतर म्हणायचं राहिलं."

उतरायला आता गाडीच नव्हती.

तेव्हापासून मामाच्या घरी कोणी कोणाला बस म्हणत नाही. पाहुणे येतात, जरा वेळ अवघडून उभे राहतात, मग आपणहून टेकतात. मामी म्हणते, तिच्या मागे कोणीतरी उभं असतं. काही करत नाही. नुसतं उभं असतं. कोणीतरी सांगेल म्हणून वाट बघत.

नवी गाडी आली. तिच्यात काही नाही. आम्ही दहा वेळा उलटी घेऊन पाहिली.

डायलिसिसच्या सगळ्या स्टाफला मामाने हात जोडून सांगून ठेवलंय, तो शब्द तिच्यासमोर नको. ते हसतात, पण पाळतात. खुर्चीकडे हात करतात.

काल, शुक्रवारी, तिथे एक नवी सिस्टर आली. गोड मुलगी. मामीला दारात बघून तिने खुर्चीवरची चादर झटकली आणि म्हणाली, "ये गं आजी, बस."

मामी दारातच उभी राहिली.

खुर्ची करकरली.

चादरीत खड्डा पडताना मामाने पाहिला. ऊठ म्हटलं तर तो पुन्हा मामीच्याच मागे येईल, म्हणून मामा तिला तसाच घरी घेऊन आला. पाळी चुकली. आज तिचे पाय सुजलेत.

त्या केंद्रात खुर्च्या मोजक्याच आहेत. परवा पुन्हा जायचंय.