यादीतली शेवटची ओळ

"माझ्या मुलीनं वर्षभर मला लिहिलं आणि कुणीतरी ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. कोण ते, तेवढं सांगा," वर्की सर म्हणाले.

कॅनडाहून जावयाचं पत्र आलं होतं. लीना कर्करोगानं गेली. आजारपणात ती रोज आपल्या वेबसाइटवर वडिलांसाठी, तिच्या अप्पच्चनसाठी, लिहायची. फोन करायचा नाही, असं लग्नाच्या भांडणात सरांनीच बजावलं होतं. केरळात, कोट्टयमच्या घरात ती साइट उघडेना, तेव्हा पोरीनं रागानं बंद केली असेल, असं सर समजले.

खासगी तपासनीस सोसाम्मांनी कॉम्प्युटर उघडला. शेजारी त्यांचा दीर पोन्नच्चन डोकं खाजवत उभा होता.

त्यात जाहिराती आणि फसव्या साइट अडवणारी हजारो पत्त्यांची यादी होती. सगळ्यात खाली लीनाच्या साइटचा पत्ता. यादी शेवटची बदलली होती गेल्या वर्षी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी.

कॉम्प्युटरवाला शिबू म्हणाला, "यादी मी गेल्या वर्षी जानेवारीत टाकली. पत्ता कसा चढवायचा ते कागदावर लिहून दिलं. पण ही लीना कोण?"

मुलगा जोजी भडकला. "मी गेल्या वर्षी ऑगस्टात, ओणमच्या सणापर्यंत मस्कतला होतो, पासपोर्ट बघा!"

सरांची बायको मरियाम्मा डोळे पुसत म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय? त्या आठवड्यात यांच्या हृदयाचं ऑपरेशन, दवाखाना आणि घर करून मी मेले. केस गेल्यावर लेकरू अगदी शाळेतल्यासारखं दिसायचं हो..."

पोन्नच्चनचेही डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सोसाम्मांनी सगळ्यांना बसवलं.

"त्या दिवशी सर दवाखान्यात, जोजी परदेशात. शिबूला लीना माहीतच नाही. कागद होता घरात."

"वहिनी, पण मरियाम्मा तर म्हणाल्या, त्यांना यातलं काही कळत नाही..." पोन्नच्चन अडखळला.

"केस गेल्याचंही म्हणाल्या. जावयाच्या पत्रात फोटो नाही, पोन्नच्चा. तशी लीना फक्त तिच्या साइटवर दिसते. मी काल माझ्या फोनवर पाहिली."

मरियाम्मा सरांकडं वळली.

"धक्का बसता कामा नये, असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्ही बरे झालात की सांगणार होते. मग सांगायचीच भीती वाटायला लागली. मी धाकट्या बहिणीकडं जाऊन वाचायची."

"काय लिहायची ती?" सरांनी विचारलं.

"रोज शेवटी एकच. अप्पच्चन, वाचताय ना?"

"तू काय उत्तर दिलंस?"

"काहीच नाही. तुमच्या नावानं खोटं कसं लिहू?"

सोसाम्मांनी यादीतली ती शेवटची ओळ पुसली. साइट उघडली. सरांनी चष्मा चढवला आणि बायकोकडं न बघता म्हणाले, "तू बाहेर जा."