जुना वॉशर आणि घळईचं तोंड

समजा, तुम्ही एका लहान बोटीत बसला आहात. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं! बोट सात पावलं लांब, दोन पावलं रुंद. मागे मोटर, मधे तंबूचं गाठोडं आणि पेट्रोलचे डबे. दोन्ही काठांवर इतकं दाट जंगल, की भर दुपारीही पाण्यावर सावली.

बोटीत तिघं आहेत. मोटर चालवतेय ती आत्या. बोटींच्या मोटरी दुरुस्त करणं हा तिचा धंदा. पुढे टोकाशी बसलेत ते मोजणीकाका. ते नद्यांचं पाणी मोजतात. आणि मधे डब्यांवर मांडी घालून बसलीय ती आत्याची अकरा वर्षांची भाची. एका जागी बसवत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात.

ही नदी एका कड्याखालच्या झऱ्यातून निघते. तिथवर जायचं आणि झऱ्याचं पाणी मोजायचं, एवढंच काम. पण आजवर ते कुणालाच जमलं नव्हतं. मोजणीकाका दोनदा येऊन हात हलवत परतले होते. आताही आठवड्याभरात नदी इतकी उतरणार होती, की बोट दगडांवरच बसली असती.

भिंगरी मात्र नेहमीसारखी बडबडत नव्हती. का, ते सांगतो.

मोटरचा पाय पाण्यात असतो. त्यात पंख्याजवळ एक बंद पेटी असते. पेटीत दातेरी चाकं फिरतात, आणि ती गिअर ऑइलात बुडालेली असतात. पेटीला दोन स्क्रू: एक खाली, एक वर. आधी खालचा काढायचा, मग वरचा, की जुनं तेल भडाभडा बाहेर येतं. नवं तेल भरायचं तेही खालूनच, म्हणजे आत हवा अडकत नाही. वरच्या भोकातून तेल डोकावलं की पेटी भरली. प्रत्येक स्क्रूखाली नखाएवढा वॉशर असतो, आणि आत्याचा नियम होता, वॉशर दर वेळी नवा. जुना चेपलेला असतो. त्यातून पाणी आत शिरतं.

निघायच्या आदल्या दिवशी हे काम आत्याने भिंगरीवर सोपवलं होतं. शेवटचा, खालचा स्क्रू लावताना नवा वॉशर तिच्या बोटांतून सटकला आणि घरंगळत कपाटाखाली गेला. भोकातून तेल गळायला लागलं होतं. भिंगरीने घाईघाईने जुनाच वॉशर लावला.

"झालं का गं?" आत्याने दारातून विचारलं.

"झालं!"

"दोन्ही वॉशर नवे?"

"हो," भिंगरी म्हणाली.

पहिल्या दिवशी वाळूचे उंचवटे लागले. तिघांनी गुडघाभर पाण्यात उतरून बोट ढकलली. दुसऱ्या दिवशी एक पडलेलं झाड आडवं आलं. करवतीने फांद्या कापण्यात अख्खी सकाळ गेली. प्रत्येक वेळी भिंगरी तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची.

तिसऱ्या दिवशी घळई आली. दोन्ही बाजूंना काळे उभे कडे. मधे नदी आक्रसलेली, पांढरी, खवळलेली. घळईपलीकडे झरा!

"घट्ट धरा!" आत्याने मोटरचा वेग वाढवला.

बोट उसळली. पाण्याचा सपकारा तोंडावर बसला. पुन्हा उसळली. आणि मोटरच्या आवाजाखाली दुसराच आवाज आला. कर्रर्र... कर्रर्र...

"शेवाळ अडकलं असेल," मोजणीकाका ओरडले. "चला पुढे!"

"थांबा!" भिंगरी किंचाळली. "आत्या, थांब!"

आत्याने का म्हणून विचारलं नाही. बोटीत कुणी थांब म्हणालं की आधी थांबायचं, मग विचारायचं. तिने सुकाणू वळवलं. बोट आडवी झाली. डावीकडचा कडा हातभरावर आला! मोजणीकाकांनी वल्हं टेकवून जोर लावला. बोट गर्रकन फिरली आणि प्रवाहाने तिला घळईबाहेर आणून वाळूवर टाकलं.

"आता सांग," आत्या म्हणाली.

भिंगरीने सगळं सांगितलं.

मोटर उतरवून त्यांनी एका ओंडक्यावर उभी केली. खालचा स्क्रू सैल करताच राखाडी, दूध घातलेल्या कॉफीसारखं तेल बाहेर आलं.

"तेलात पाणी, आणि तुझ्या पोटात वॉशर," आत्या म्हणाली. "तीन दिवस! बोट घाल त्यात. चोळून बघ. काय लागतं?"

"पिठासारखं."

"तुकडे?"

"नाहीत."

"मग चाकांचे दात शाबूत आहेत. आणखी अर्धा तास चालवली असती तर ऐन घळईत तुकडे झाले असते."

नव्या तेलाची एक ट्यूब होती. जादा वॉशर एकही नव्हता. मोजणीकाकांनी मुकाट्याने आपला बूट काढला, चाकूने त्याची चामड्याची जीभ कापली आणि पुढे केली.

"काका, तुमचा बूट!" भिंगरी कळवळली.

"असू दे. फार चावायचा."

भिंगरीने चामड्याचा गोल कापला, मधे भोक पाडलं, तेलात भिजवला. खालून ट्यूब दाबत राहिली. वरच्या भोकातून स्वच्छ तेल डोकावलं. आधी वरचा स्क्रू. मग झटकन खालचा.

"घळई जमेल?" मोजणीकाकांनी विचारलं.

"साहेब," आत्या म्हणाली, "चामड्याच्या भरवशावर प्रवाहासोबत परत जाता येईल. प्रवाहाविरुद्ध नाही."

काकांनी घळईकडे वळून बघितलं. "माझ्यामुळे," भिंगरी पुटपुटली.

"हो, तुझ्यामुळे," काका म्हणाले. त्यांनी काही खोटं सांगून तिची समजूत घातली नाही. "आणि तिघं वाळूवर उभे आहोत, तेही तुझ्यामुळेच. पुढच्या वर्षी येऊ. तेल कोण बदलणार, ते आत्या ठरवेल."

आत्या मोटर पुन्हा बोटीला बसवायला लागली.

दोन दिवसांनी बोट धक्क्याला लागली. आत्याने मोटर दुकानातल्या स्टँडवर चढवली. "चामडं काढून पुन्हा तेल बदलावं लागेल. उद्या बघू. जा, आंघोळ कर."

भिंगरी गेली नाही. चिखलाच्या बुटांसकट ती जमिनीवर पालथी पडली, कपाटाखाली तार सरकवली आणि धुळीतून तो नवा वॉशर ओढून काढला. शर्टाला पुसला. मोटरखाली पातेलं ठेवलं, आणि आत्याच्या डोळ्यांदेखत आधी खालचा स्क्रू सैल केला.