कुठपर्यंत आलं?

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही तर सोडून द्या. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही.

ग्रिम्सबी, इंग्लंडातलं मासेमारीचं बंदर. नोव्हेंबरातला शनिवार. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागलेले. घर तेच, ज्यात मी लहानाची मोठी झाले आणि आज एकटी राहते.

यात बघण्यासारखं काहीच नाही.

फक्त ऐकायचं आहे.

मागे.

आमचे बाबा मासेमारीच्या मोठ्या बोटीवर होते. तीन आठवडे आइसलंडच्या समुद्रात, तीन दिवस घरी. ते निघायचे त्या दिवशी आई कपडे धुवायची नाही. धुतलं तर माणूस समुद्रात वाहून जातो, असं आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई मानायची.

दर शनिवारी टीव्हीवर अंतराळयानाची मालिका लागायची. बर्फाखाली झोपलेली माणसं, त्यांना शोधायला गेलेलं यान. बाबांना भारी वेड. पण शनिवारी ते समुद्रावर.

म्हणून माझा थोरला भाऊ केनी टीव्हीसमोर माइक ठेवायचा आणि टेपवर आवाज धरायचा. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. पोपटाच्या पिंजऱ्यावरही फडकं टाकायचं.

बाबा आले की डोळे मिटून टेप ऐकायचे. चित्र मी सांगायची. "आता अंधार झाला, बाबा. आता तो वळला."

आणि कधी ते पोचण्याआधीच आम्ही टेप लावलेली असली, तर बाबा मागच्या दाराने यायचे. पायरीवर एक बूट आपटायचे. मग दुसरा. मग विचारायचे, "कुठपर्यंत आलं?"

पुढे.

शेवटचा भाग लागला, त्या शनिवारी बाबांच्या बोटीचा वायरलेस बरेच दिवस गप्प होता.

शेजारणी येऊन बसत होत्या. आईने सगळ्यांना घालवलं.

"केनी, माइक लाव."

"आई, आज?"

"आज शनिवार नाही का? आल्यावर विचारेल तो. काय सांगू, तुझ्या पोरांना कंटाळा आला?"

लावला. आई विणत बसली. केनीचं लक्ष टेपच्या काट्यावर. चित्र बघत होते ती मी एकटी.

शेवटी यानाच्या दारावर बाहेरून कुणीतरी ठोठावतं. आतले सगळे गप्प. दार उघडायचं की नाही?

काय झालं ते मी पाहिलं. कुणालाच सांगितलं नाही. बाबांना सांगायचं होतं.

बोट सापडली नाही. एक फळकुटसुद्धा नाही.

टेप बिस्किटांच्या डब्यात गेली. आईने मरेपर्यंत ती लावू दिली नाही.

थांब.

पुढे चॅनेलने जुने भाग पुसले. त्याच फितींवर दुसरे कार्यक्रम भरले. बाकी सगळ्या भागांचे आवाज कुणाकुणाच्या घरी सापडले. शेवटचा नाही. दार उघडलं का, यावर म्हातारे झालेले चाहते अजून भांडतात.

गेल्या वर्षी केनीने त्यांना आमच्या डब्याबद्दल सांगितलं. डेसमंड नावाचे गृहस्थ एका शनिवारी आले. जुने आवाज साफ करणं हा त्यांचा छंद. यंत्र जेवणाच्या टेबलावर मांडलं, आमची टेप लावली आणि तिची एक प्रत स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेतली.

सुरुवातीचं संगीत. आईच्या सुयांची टिकटिक. केनीचं नाक ओढणं.

"अजून तस्साच ओढतोस," मी म्हणाले.

"गप गं, मो."

यानाच्या दारावर ठोठावलं. एकदा. पुन्हा एकदा.

आणि...

आमचं मागचं दार उघडलं.

टेपवर.

एक बूट.

दुसरा बूट.

"कुठपर्यंत आलं?"

केनीने खुर्चीची पाठ धरली.

"आवाज कुणाचा?" डेसमंडनी विचारलं.

"आमच्या बाबांचा."

"म्हणजे घरी होते त्या दिवशी."

"नव्हते."

केनी घाईघाईने म्हणाला, "शेजारचा रॉन असेल. साखर मागायला आला असेल."

"रॉन? बूट झटकून? आईचा अख्खा गालिचा त्या मेल्याने घाण केला होता! आणि मी तिथेच बसले होते, केनी. तूसुद्धा. कोण आलं होतं आत?"



डेसमंडनी घसा खाकरला. "हा आवाज काढता येईल. दार उघडलं का ते सांगणारं वाक्य नेमकं त्याच्याखाली दबलंय. लोक इतकी वर्षं थांबलेत हो."

"पुसायचं काम चॅनेलने केलंय की. तुम्ही आता माझा बाप पुसणार?"

"मो, अगं, नुसती प्रत आहे. भाग वाचेल."

"आणि बाबा?"

"बाबा गेले, मो."

"आईने ते कधी म्हटलं नाही. मीही म्हणणार नाही. आमच्या घरात समुद्रावर गेलेल्या माणसामागे धुणं काढत नाहीत. हात काढा!"

पण डेसमंडनी कळ दाबली होती.

साफ झालेली प्रत सुरू झाली. संगीत नव्हतं. सुया नव्हत्या. ठोठावणं नव्हतं.

नुसते बूट होते.

त्यांनी पुन्हा साफ केलं. यानाचा कप्तान गेला. पोरांचे श्वास गेले. माझा श्वास गेला.

आणि मग...

"कुठपर्यंत आलं?"

आता अगदी जवळून. माइकला ओठ लावल्यासारखं.

डेसमंड ताडकन उठले. "मी... येतो." यंत्र उचललं. मफलर इथेच राहिला. नंतर त्यांनीच प्रत पुसली म्हणे. पुसली गेली की नाही, ते मी विचारलेलं नाही.

केनी दारात म्हणाला, "जाळून टाक ती."

"तू आधी नाक शिंक."

त्यानंतर तो या घरात आलेला नाही. फोनवर बोलतो. शनिवारी नाही.

पुढे.

पुढच्या शनिवारी केनीचं जुनं यंत्र मी माळ्यावरून काढलं आणि एकटीने टेप लावली. 

ठोठावणं. दार. बूट.

"कुठपर्यंत आलं?"

मी टेप थांबवली नाही. टेपकडे बघून सांगितलं. अंधार कसा झाला, कोण उठलं, दाराशी कोण गेलं. सगळं. शेवटपर्यंत.

बोलून संपलं. टेप फिरतच होती.

आणि टेपवर...

खुर्ची करकरली. माणूस दमून टेकतो तशी.

हे आदल्या शनिवारी तिच्यात नव्हतं.

चाहत्यांची पत्रं अजून येतात. टेप द्या. निदान एवढं सांगा, दार उघडलं का?

नाही सांगणार. इथेही नाही. ज्याला सांगायचं होतं, त्याला सांगून झालंय.

ती टेप मी दर शनिवारी ऐकते. भीती वाटते. तरी लावते. पार रीळ सुटून फडफडेपर्यंत कान लावून बसते.

आत येणारे बूट आहेत.

बाहेर जाणारे...

कधीच वाजलेले नाहीत.